गुरुवारचे पाहुणे, बुधवारच्या बाई

४ जुलै, गुरुवार

क्लबचं नवं वर्ष सुरू झालं आणि मी कार्यक्रम-सचिव झालो. झालो म्हणजे मला केलं गेलं. यंदा अध्यक्ष आमचे दातांचे डॉक्टर. त्यांची पद्धत गावाला ठाऊक आहे, आधी भूल आणि मग काम. मला चहाला बोलावलं, पाणीपुरवठा खात्यातल्या माझ्या नोकरीचं तोंडभर कौतुक केलं आणि मी पुरता बधिर झाल्यावर म्हणाले, "साहेब, दर गुरुवारी सभेला एक पाहुणा वक्ता आणायचा. एवढंच."

एवढंच! आमच्या गावात सांगण्यासारखं काही असलेली माणसं गाव सोडून गेली आहेत आणि उरलेली आधीच बोलून झाली आहेत. वर क्लबचा जुना नियम असा, की पाहुण्याने ऐनवेळी हातावर तुरी दिल्या तर कार्यक्रम-सचिवाने स्वतः उभं राहून बोलायचं. जन्मभर मी नळांना बोलतं केलं, चार माणसांसमोर स्वतः कधी बोललो नाही. पाहुणा चुकू द्यायचा नाही, हे आजच ठरवलं.

निघताना डॉक्टरांनी आणखी एक गळ्यात घातलं. 'सोबत' नावाचा नवा उपक्रम आहे. एकट्या राहणाऱ्या माणसाकडे आठवड्यातून एकदा तासभर जाऊन बसायचं. अट एकच, आपण सेवा करायला आलो आहोत हे समोरच्याला कळता कामा नये, त्या माणसाचा मान दुखावतो. मला टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या बाई दिल्या आहेत. मी नाही म्हणणार होतो. पण संध्याकाळी घरी करण्यासारखं तरी काय आहे? ही गेल्यापासून टीव्हीचा आवाजही मोठा वाटतो.

१० जुलै, बुधवार

बाईंकडे जाऊन आलो. पोस्टामागच्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, झाडाझुडपांची गॅलरी, सगळं लख्ख. एके काळी गावातला प्रत्येक ट्रंक कॉल बाई जोडून द्यायच्या. आवाज अजून तसाच, खणखणीत.

बिचारीला बोलायला माणूस नाही हे दार उघडल्या उघडल्या कळलं. "या साहेब, वाटच बघत होते." चहा तयार होता. बसतो न बसतो तोच प्रश्नांची सरबत्ती. दुपारी काय जेवलात? स्वयंपाक येतो का? झोप लागते का? एकटी माणसं अशीच असतात, दुसऱ्याची चौकशी करून आपली हौस भागवतात. मी सगळी उत्तरं शांतपणे दिली. दुपारी ओट्याशी उभ्या उभ्या पाव खाल्ला म्हणालो तर भुवया उंचावल्या.

स्वयंपाकघरातला नळ गळत होता. माझं पाना-पकड घरी राहिलं होतं, पण बाईंकडे होतं. नवा वायसर घालून दिला. फार खूश झाल्या. दिवसात कुणाच्या तरी उपयोगी पडलो, बरं वाटलं.

१८ जुलै, गुरुवार

पहिला पाहुणा: निद्रातज्ज्ञ. विषय, शांत झोप. त्यांनी विषय इतका प्रभावी मांडला की आमच्या क्लबातले हार्डवेअरचे दुकानदार, हार्डवेअरवाले, घोरायला लागले. तज्ज्ञांनी त्यांच्याकडे बोट दाखवून "ही झोप चांगली नव्हे" असं सांगितलं, तरी ते उठले नाहीत. प्रथेप्रमाणे पाहुण्यांना झाडाची कुंडी दिली. झाड सुकलेलं होतं ते नंतर लक्षात आलं.

७ ऑगस्ट, बुधवार

आज बाईंच्या न्हाणीघरातला नळ गळत होता. मागच्या आठवड्यात गॅलरीतला. मी काम करत असताना समोरची शेजारीण डोकावली. म्हणाली, "अगंबाई, हा नळ तर परवाच प्लंबर बदलून गेला ना?" बाईंनी तिला लगेच आत नेऊन काहीतरी दाखवलं. हल्लीच्या प्लंबरांचं काम असंच. नवाकोरा नळ दोन दिवसांत गळतो म्हणजे काय? माझ्या हाताखाली असता तर घरी बसवला असता.

शेजारीण जाताना म्हणाली, "आज तरी पत्त्यांना या. बुधवारचा डाव तुमच्याविना रंगत नाही." बाई म्हणाल्या, "बुधवारी मला काम असतं." काम कसलं? माझ्यासमोर बसून चहा प्यायचा, हेच. माणसांची सवय सुटली की असं होतं, बोलावणं आलं तरी जाववत नाही. शेजारणीला खोटं सांगावं लागलं याचं मलाच वाईट वाटलं.

५ सप्टेंबर, गुरुवार

बस थांब्यावरचे बाक रंगवायचा उपक्रम पार पडला. सगळ्यांनी मनापासून काम केलं. मग फोटो काढायला सगळे ओळीने बसले. कुठे बसले ते लिहायला नको. डॉक्टरांच्या पाठीवर हिरव्या पट्ट्या, माझी पँट कामातून गेली. फोटो मात्र झकास आला आहे.

हे बुधवारी बाईंना सांगीन. त्या हसल्या तर बरं. मागच्या वेळी जरा ओढलेल्या दिसत होत्या.

११ सप्टेंबर, बुधवार

हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "तुम्हीही हसता की हो, साहेब!" म्हणजे मीही हसत होतो तर.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आजचे पाहुणे मधमाश्यांवर बोलणार होते. एक लहान पेटी घेऊन आले आणि म्हणाले, "घाबरू नका." त्यानंतरचं भाषण आम्ही सभागृहाबाहेर, ग्रंथालयाच्या जिन्यावरून ऐकलं.

कार्यक्रम-सचिव म्हणून माझं काही खरं नाही. एक जण झोपवतो, एक पळवून लावतो, एका निवृत्त अधिकाऱ्यांनी तर तासभर स्वतःचे सत्कार सांगितले. पुढच्या महिन्यासाठी कुणी नाही. डॉक्टरांना राजीनामा द्यावा असं मनात आलं. पण मग गुरुवारी करणार काय?

१६ ऑक्टोबर, बुधवार

बाईंना रडगाणं ऐकवलं. खरं तर मी त्यांचं ऐकायला जातो, पण आज राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही पाहुण्यांना विषय काय विचारता? विषय म्हटला की माणूस छाती फुगवतो. त्यांना म्हणा, तुमच्या कामात झालेली एखादी गंमतशीर चूक सांगा."

"असं कोण सांगेल?"

"सगळे सांगतात. मी वर्षानुवर्षं ऐकलंय. कुणी विचारत नाही म्हणून गप्प असतात, इतकंच."

ऐकून तर बघू. बुडत्याला काडीचा आधार.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बाईंची काडी म्हणजे होडकंच निघालं! अग्निशमन दलातल्या बाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, की पहिल्याच कामगिरीवर त्या धडाधड शिडी चढून खिडकीतून आत शिरल्या आणि सोफ्यावर वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांना खांद्यावर टाकून खाली घेऊन आल्या. आग शेजारच्या इमारतीत होती. आजोबा खाली आल्यावर म्हणाले, "माझा चष्मा वर राहिला." तर यांनी पुन्हा वर जाऊन तोही आणून दिला.

सभागृह डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. हार्डवेअरवाले जागे होते. सभा संपल्यावर कुणी घरी जाईना, जो तो आपापल्या चुका सांगत उभा. डॉक्टर मला म्हणाले, "कमाल केलीत. आणि बाई कशा आहेत?" म्हटलं, "पुष्कळ सुधारल्या. आता मोकळेपणाने बोलतात." "हो, मलाही तसंच कळलं," म्हणाले. त्यांना कुणाकडून कळलं ते विचारायचं राहिलं.

१९ जानेवारी, रविवार

मुलाचा फोन. शहरात ते मोठं घर घेताहेत. म्हणाला, "बाबा, तीन खोल्यांचं बघू की दोन? तुम्ही येणार असलात तर तीन. जूनअखेरपर्यंत सांगा, म्हणजे पुढचं बोलता येईल." सूनबाईही बोलल्या, मनापासून बोलावताहेत. पोरगा गुणी आहे.

मी म्हणालो, बघतो.

"आता बघायचं काय राहिलंय? तिथे कोण आहे तुमचं?"

मी म्हणालो, "अरे, त्या एक्स्चेंजमधल्या बाई आहेत. एकट्या. त्यांचं माझ्यावाचून अडतं." खोटं नाही ते. मी गेलो तर बुधवारी त्यांच्याकडे कोण जाणार? त्यांचे नळ कोण बघणार?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जे व्हायचं नव्हतं तेच झालं. पाहुण्यांची गाडी वाटेत बंद पडली. नियम म्हणजे नियम. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, सगळ्यांनी बघितलं आणि मी उभा राहिलो.

काय बोलायचं? मीच लावलेली पद्धत माझ्याच गळ्यात. मग नोकरीतला तो दिवस सांगितला. मोठी जलवाहिनी फुटली म्हणून मी आमच्याच भागाचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगितला आणि घरी कळवायला विसरलो. ही तेव्हा केस धूत होती. डोक्यावर साबणाचा फेस, वर टॉवेल गुंडाळलेला, तशीच तडक कचेरीत आली. सगळा स्टाफ बघतोय. माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "साहेब, आमच्या भागातली एक तक्रार होती." आणि फेस टपकत होता माझ्या नकाशांवर.

लोक खूप हसले. मग पुढचं बोलायला तोंड उघडलं तर पुढचं काही आठवेना. ती तशीच समोर उभी दिसत राहिली. पाणी प्यालो. बघितलं तर सगळे खाली माना घालून बसलेले. बहुधा लांबलं असावं. "एवढंच" म्हणून खाली बसलो. फजिती झाली. हार्डवेअरवाल्यांनी मात्र घरापर्यंत सोबत केली, त्यांचं घर उलट्या दिशेला असून.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बाईंना भाषणाचं आधीच कळलं होतं. आज नळ वगैरे काही काढलं नाही. म्हणाल्या, "त्यांच्याबद्दल आणखी सांगा." सांगितलं. तास कधी उलटून गेला कळलं नाही. बाईंनीही त्यांच्या बहिणीचं सांगितलं. दोघी याच घरात राहायच्या, तीन वर्षांपूर्वी बहीण गेली. ते सांगताना त्यांचा खणखणीत आवाज जरा खाली आला. मी ऐकलं फक्त.

येताना भाजी आणली. उभ्याने खाल्ली नाही, ताट वाढून घेतलं.

१० एप्रिल, गुरुवार

नाला सफाईला चांगली तीसेक माणसं जमली होती. गाळातून एक सायकल निघाली, ती पोस्टमनची चोरीला गेलेली. त्याने ती ओळखली आणि म्हणाला, "मीच ढकलली होती. नवी मिळावी म्हणून." त्याला पुढच्या गुरुवारी वक्ता म्हणून बोलावलं आहे.

१४ मे, बुधवार

मुलाचा पुन्हा फोन. "बाबा, क्लब त्या बाईंना दुसरं कुणीतरी देईल की." हे मला सुचलंच नव्हतं. डॉक्टरांना जाऊन विचारलं, बाईंसाठी माझ्याजागी कुणी आहे का? ते कुणाच्या तरी दाढेत होते. म्हणाले, "बघतो." चेहरा पडल्यासारखा वाटला.

बाईंना मुलाकडे जाण्याविषयी अजून काही बोललो नाही. त्यांना धक्का बसेल.

१९ जून, गुरुवार

झालं ते ओळीने लिहितो.

वर्षअखेरच्या सभेला आमच्याकडे पाहुणा वक्ता नसतो. प्रथा अशी, की एकेका उपक्रमाचं नाव पुकारायचं, त्यातल्या स्वयंसेवकांनी उभं राहायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. यंदा 'सोबत'मध्ये ज्यांच्याकडे आम्ही जातो त्यांनाही बोलावलं होतं. ती सगळी मंडळी खिडकीकडच्या खुर्च्यांवर बसली होती. बाईही होत्या, निळ्या साडीत.

डॉक्टरांनी बाकांची नावं घेतली, नाल्याची घेतली, चष्मे वाटपाची घेतली आणि थेट आभाराकडे वळले. मला वाटलं, विसरले. मी उठून म्हणालो, "डॉक्टर, 'सोबत' राहिलं."

"असू दे हो साहेब," ते म्हणाले.

"असू दे कसं? वर्षभर माणसं गेली आहेत." मला त्यांचा रागच आला. कार्यक्रम-सचिव मी होतो. मीच माईक घेतला आणि म्हणालो, "'सोबत' उपक्रमातल्या स्वयंसेवकांनी कृपया उभं राहावं."

आमच्या बाजूचे उभे राहिले. आणि खिडकीकडचेही उभे राहिले. सगळेच्या सगळे.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. बाईंना हाताने खूण केली, बसा बसा. तर बाई मलाच खूण करताहेत, तुम्ही बसा! हार्डवेअरवाले ज्यांच्याकडे जायचे ते निवृत्त कंडक्टर त्यांना बोटाने खाली बसवत होते. मग हळूहळू एकेकाचा हात थांबला. सभागृहात टाळ्या वाजवायला बसलेलं जवळजवळ कुणी उरलंच नव्हतं. व्यासपीठावर डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होते.

कुणीतरी हसायला लागलं. मग बरेच हसले. मी हसलो नाही. बाईही हसल्या नाहीत. पर्स उचलून जिना उतरून गेल्या.

२० जून, शुक्रवार

डॉक्टर सकाळीच आले. मी बसा म्हणालो नाही. ते आपणहून बसले.

"मी तुम्हाला विचारलं असतं, की साहेब, तुम्हाला सोबतीची गरज आहे, कुणाला पाठवू का? तर हो म्हणाला असतात?"

"नसतो म्हणालो."

"बाईही नाही म्हणाल्या असत्या. कुणीच हो म्हणालं नसतं. सेवा करायला सगळे तयार, करून घ्यायला कुणी नाही. म्हणून दोन्हीकडच्यांना स्वयंसेवक केलं. अटही तेवढ्यासाठीच घातली."

युक्ती म्हणून चोख आहे, मान्य. पण वर्षभर मी जिला सांभाळतोय असं समजत होतो ती मला सांभाळत होती. तो चहा, ते प्रश्न, तो नळ. नळसुद्धा! माझ्यासाठी ती दर आठवड्याला वायसर ढिला करून ठेवत होती आणि मी, जन्म पाणीपुरवठ्यात काढलेला माणूस, प्लंबरला शिव्या घालत होतो. पुन्हा तिला तोंड कसं दाखवू?

मुलाला हो सांगून टाकावं. इथे माझ्यावाचून कुणाचंच काही अडत नाही, हे आता सिद्ध झालं.

२५ जून, बुधवार

गेलो नाही. दुपारपासून घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तेच बघत बसलो. कपाटं आवरायला काढली होती, हिच्या साड्यांपर्यंत येऊन थांबलो.

२७ जून, शुक्रवार

बाई आल्या. माझ्या घरी पहिल्यांदाच. आत येऊन खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "उपक्रम तीस जूनला संपतो, साहेब. बुधवारी तो चालू होता."

"मग माझी रजा मांडा," मी म्हणालो.

"चेष्टा पुरे. मी दारात उभी होते. लहान मुलीसारखी जिन्याकडे बघत." त्या रागावलेल्या होत्या, अगदी स्पष्ट दिसत होतं. "हे बघा, पहिले दोन महिने मी सेवाच केली. खोटं कशाला बोलू? भारी कंटाळवाणे होतात तुम्ही. बुधवारचा डाव सोडून तुमची पाण्याच्या दाबाची प्रवचनं ऐकायचे. मग सप्टेंबरात एकदा तुमचं काम निघालं, तुम्ही येणार नव्हता. म्हटलं, सुटले, पत्त्यांना जाऊ. गेले, तर एक डाव धड खेळता येईना. सारखं वाटे, साहेबांना हे सांगायला हवं, ते सांगायला हवं. त्या दिवसापासून मी सेवा केलेली नाही. डॉक्टरांना मात्र करतेय असंच सांगत राहिले, नाहीतर त्यांनी मला दुसरा माणूस दिला असता."

मी म्हणालो, "बाई, मला बुधवार सोडून बाकीचे वार संपता संपत नाहीत."

त्या म्हणाल्या, "मुलाकडे जाताय असं कळलं. डॉक्टरांकडे माझ्यासाठी बदली माणूस मागितलात म्हणे."

"तुमचं अडू नये म्हणून."

"माझं अडत नाही. मला शेजार आहे, पत्ते आहेत, हातपाय धड आहेत. तुम्हाला जायचं असेल तर जा, पोरगा प्रेमाने बोलावतोय. राहायचं असेल तर राहा. पण 'बाईंचं कसं होईल' म्हणून राहू नका. मी कुणाचं निमित्त व्हायची नाही."

चहा मी केला. जास्तच कडक झाला होता. बाई शेवटपर्यंत प्याल्या, आणि निघताना म्हणाल्या, की चहा वाईट होता.

२९ जून, रविवार

सकाळी मीच मुलाला फोन लावला. म्हणालो, "दोन खोल्यांचं बघ. मी इथेच राहतो. येत जाईन अधूनमधून, तुम्हीही या."

तो म्हणाला, "बाबा, पुन्हा त्या बाईंचंच ना? त्यांना तुमची गरज आहे म्हणून?"

"नाही रे. मला त्यांची आहे म्हणून."

मागे सूनबाईंनी काय झालं म्हणून विचारलेलं ऐकू आलं. मग तो म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंत?"

आधी मला तरी कुठे ठाऊक होतं?